धुरा नसलेली बांधी

भंडारा जिल्ह्यातल्या श्रोत्यांना धानाची बांधी समजावून सांगायला नको. पाणी जास्त झाले, की ते धुऱ्यावरून शेजारच्या बांधीत उतरते. संगणकाच्या स्मृतीतही माहिती साठवायला अशाच बांध्या असतात. मात्र १९७० च्या दशकात डेनिस रिची यांनी घडवलेल्या ‘सी’ भाषेत धुरा आपोआप पडत नाही. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने तो आठवणीने घालावा लागतो.

तो विसरला, तर काय होते, हे २ नोव्हेंबर १९८८ रोजी कळले. रॉबर्ट मॉरिस या अमेरिकी विद्यार्थ्याने इंटरनेटवर एक ‘किडा’ सोडला. एका प्रोग्रॅमने आलेल्या मजकुरासाठी ५१२ बाइटची जागा राखली होती. किड्याने ५३६ बाइट पाठवले. जास्तीचा मजकूर शेजारी सांडला आणि संगणक परक्याच्या हुकमाने चालू लागला.

पुढे हाच धोका फायलींतून येऊ लागला. चित्राची किंवा व्हिडिओची फाइल आपल्या आत किती माहिती आहे, हे स्वतःच सांगते. उघडणारा प्रोग्रॅम त्यावर विश्वास ठेवतो. पोते काट्यावर न चढवता त्यावरच्या चिठ्ठीतले वजन मान्य करावे, तसेच हे!

तपासनीसही यातून सुटले नाहीत. ‘स्ट्रिंग्ज’ नावाचे साधन संशयास्पद फाइल न चालवता तिच्यातला वाचनीय मजकूर दाखवते. ते निर्धोक समजले जाई. २०१४ मध्ये मिखाल झालेव्स्की या संशोधकाने दाखवले, की हे साधन फाइलची रचनाही उलगडू पाहते आणि मुद्दाम बिघडवलेली फाइल त्यालाच कोलमडवते. म्हणजे धोका राखणदारालाच!

नोव्हेंबर २०१९ मध्ये व्हॉट्सअॅपच्या एमपी-४ व्हिडिओ वाचणाऱ्या भागात अशीच त्रुटी जाहीर झाली. केंद्र सरकारच्या ‘सर्ट-इन’ संस्थेने इशारा दिला. कुणी फसल्याचे आढळले नाही, असे कंपनीने सांगितले. पण तुमसर, साकोली, पवनीतल्या घराघरांत रोज व्हिडिओ येतात, हे विसरून चालणार नाही. उपाय एकच होता : नवी आवृत्ती घेणे.

२०१५ मध्ये पहिली स्थिर आवृत्ती आलेल्या ‘रस्ट’सारख्या भाषा धुरा स्वतःच घालतात. परंतु जुन्या ‘सी’तले काम अफाट आहे, ते एका हंगामात बदलणार नाही. तोवर फोनने ‘अपडेट’ मागितले, तर ‘नंतर’ म्हणू नका. फुटलेला धुरा पाणी चढण्याआधीच बांधायचा असतो, हे आपल्या शेतकऱ्याला कुणी शिकवावे लागत नाही.