मिस ब्लूबेल : नाचाचं काम आणि कामाचे नियम



मोठ्या बायकांची चरित्रं सांगताना आपण शिक्षिकांची सांगतो, डॉक्टरणींची सांगतो, लढणाऱ्यांची सांगतो. नाचाचा ताफा चालवणाऱ्या बाईचं चरित्र सहसा कुणी सांगत नाही. नाचणारी म्हटलं की लोक नाक मुरडतात, आणि नाच बघायला गेलेला मात्र ताठ मानेनं घरी येतो. म्हणून आज आम्ही मुद्दाम अशा एका बाईंची हकीकत सांगणार आहोत. त्यांचं नाव मार्गारेट केली. जग त्यांना मिस ब्लूबेल म्हणून ओळखायचं.

मार्गारेटचा जन्म १९१० सालचा, आयर्लंडमधल्या डब्लिन शहरातला. आईबापांची माया तिच्या वाट्याला आलीच नाही. मेरी मर्फी नावाच्या एका अविवाहित बाईंनी तिला पोटच्या पोरीसारखं सांभाळलं. पुढे दोघी इंग्लंडात लिव्हरपूलला राहायला गेल्या. पोरीचे पाय अशक्त होते. डॉक्टरांनी सांगितलं, हिला नाच शिकवा, पायांत बळ येईल. तिचे निळे डोळे बघून डॉक्टरांनीच तिला ब्लूबेल म्हणायला सुरुवात केली. ब्लूबेल म्हणजे घंटेच्या आकाराचं निळं रानफूल. औषध म्हणून सुरू झालेला नाच पुढे पोटापाण्याचा धंदा झाला. चौदाव्या वर्षी ती एका नाचाच्या ताफ्यात कामाला लागली. नंतर जर्मनीत बर्लिनला आणि तिथून फ्रान्समध्ये पॅरिसला गेली. १९३२ साली, अवघ्या बाविसाव्या वर्षी, तिनं स्वतःचा ताफा उभा केला. त्याचं नाव ब्लूबेल गर्ल्स.

१९३९ साली मार्गारेटबाईंनी मार्सेल लीबोविसी या वादकाशी लग्न केलं. ते ज्यू होते, मूळचे रुमानियाचे. दुसऱ्याच वर्षी हिटलरचं सैन्य पॅरिसमध्ये शिरलं. मार्गारेटबाईंकडे ब्रिटिश पासपोर्ट होता, म्हणून पोटुशी असतानाच त्यांना छावणीत डांबलं. जन्म आयर्लंडचा, आणि आयर्लंड त्या युद्धात उतरलेलं नव्हतं. त्या देशाच्या वकिलातीनं रदबदली केली, तेव्हा त्यांची सुटका झाली. पुढे मार्सेलना पकडून छावणीत नेलं. ते तिथून निसटले. मग बाईंनी नवऱ्याला पॅरिसमध्येच लपवून ठेवलं. पकडले असते तर दोघांचाही जीव गेला असता. घरात लहान मुलं आणि बाहेर पोलिसांचा पहारा, अशा दिवसांत त्यांनी नवऱ्याच्या जेवणाखाण्याची सोय केली. जर्मन पोलिसांनी त्यांना बोलावून चौकशी केली, तरी त्या बधल्या नाहीत. जर्मन सैनिकांपुढे खेळ करायलाही त्यांनी नकार दिला. १९४४ च्या ऑगस्टमध्ये पॅरिस मोकळं झालं, तेव्हा मार्सेलही उजेडात आले.

युद्ध संपल्यावर पॅरिसच्या लिडो या नाट्यगृहात ब्लूबेल गर्ल्सचं बस्तान बसलं. जेवण आणि नाचाचा खेळ एकत्र, अशी तिथली पद्धत. खेळाची मांडणी करायला डॉन आर्डेन हे अमेरिकन नृत्यदिग्दर्शक असायचे. मुली निवडायच्या, शिकवायच्या, त्यांचं बघायचं, हे काम बाईंचं.

तिकडे अमेरिकेत नेवाडाच्या वाळवंटात लास व्हेगास शहर वाढत होतं. त्या राज्यात १९३१ पासून जुगार कायदेशीर होता. तिथली मोठमोठी जुगारघरं, म्हणजे कॅसिनो, गिऱ्हाईक खेचायला खेळ ठेवायची. खेळ बघायला आलेला माणूस पुढे जुगाराच्या टेबलावर बसेल, हा त्यातला हिशेब. १९५८ साली स्टारडस्ट नावाच्या कॅसिनोत लिडोचा खेळ आला आणि त्यासोबत ब्लूबेल मुलीही आल्या. तो खेळ १९९१ पर्यंत चालला. म्हणजे मुलींच्या कलेवर तेहतीस वर्षं जुगाराची गल्ली चालली.

हे काम दिसतं तेवढं सोपं नाही. डोक्यावर पिसांचा मोठा साज, पायात उंच टाचा आणि समोर लांबलचक जिना. लास व्हेगासच्या अशा खेळांमध्ये काही साज दहा किलोंपेक्षाही जड असायचे. पायरीकडे न बघता, हसत, तोल सांभाळत उतरायचं. आपल्यापैकी ज्यांनी डोक्यावर हंडा आणि वर कळशी घेऊन विहिरीच्या पायऱ्या चढल्यात, त्यांना मानेवर काय भार येतो ते सांगायला नको.

मार्गारेटबाईंची शिस्त फार कडक होती. उंची निदान पावणेसहा फूट हवी. वजन वाढता कामा नये. वेळ चुकता कामा नये. आणि गिऱ्हाइकांशी मुलींनी सलगी करायची नाही. हा शेवटचा नियम आम्हाला फार मोलाचा वाटतो. त्या काळी कित्येक नाचघरांत नाच संपला की मुलींना गिऱ्हाइकाच्या टेबलावर बसावं लागे, त्याला दारू घ्यायला लावावी लागे, आणि तीच त्यांची वरकमाई. मार्गारेटबाईंनी ही वाटच बंद केली. मुलीचं काम रंगमंचावर, आणि कमाई पगाराची. बाई गिऱ्हाइकाच्या मर्जीवर जगत नाही, तेव्हाच ती त्याला नाही म्हणू शकते.

या गोष्टीला दुसरी बाजूही आहे. या खेळांत काही मुली वरचं अंग उघडं ठेवून उभ्या राहायच्या. बाईचं शरीर मापून, तोलून निवडायचं, हा त्या धंद्याचा पायाच होता. मार्गारेटबाईंनी मुलींना सांभाळलं, पण तो पाया बदलला नाही. नियमही त्याच करायच्या, मुलींनी फक्त पाळायचे. आपल्या गटात असं चालत नाही. आपली पंचसूत्री आपण सगळ्या मिळून पाळतो, आणि दंड किती घ्यायचा तेही बैठकीत ठरवतो. नियमानं बाईला संरक्षण मिळतं हे खरं, पण तो करताना तिला विचारलं होतं का, हेही बघायला हवं.

१९६१ साली मार्सेल मोटार अपघातात गेले. पदरात चार मुलं आणि डोक्यावर एवढा ताफा. मार्गारेटबाईंनी त्यानंतरही वीस वर्षांहून अधिक काळ काम चालवलं. हजारो मुली त्यांच्या हाताखालून गेल्या. उतारवयात ब्रिटन आणि फ्रान्स, दोन्ही देशांनी त्यांना सन्मान दिला. २००४ साली पॅरिसमध्ये त्या वारल्या. लिडोचे हे खेळ २०२२ साली बंद झाले आणि तिथल्या बहुतेक कामगारांच्या नोकऱ्या गेल्या.

मार्गारेटबाईंचं नाव इतिहासात राहिलं, याचा आम्हाला आनंद आहे. पण जिन्यावरून उतरणाऱ्या त्या हजारो मुलींची नावं कुठे आहेत? पगार किती होता, म्हातारपणी हाती काय उरलं, गुडघे आणि कंबर कशी राहिली, हेही त्याच इतिहासात यायला हवं.

तेव्हा येत्या बैठकीत बचतीचा हिशेब झाला की एवढं बोला. आपल्या गावात, आपल्या तालुक्यात नाचून, गाऊन, वाजवून पोट भरणाऱ्या बायका आहेत. त्यातली एक तरी आपल्या गटात आहे का? नसेल, तर तिला आपण कधी बोलावलं होतं का? तुमच्यात काय बोलणं झालं ते आम्हाला कळवा.