बिल्ल्याच्या कडेवर

आमच्या घरातलं पहिल्या महायुद्धाचं चांदीचं मेडल 1972 च्या दुष्काळात बारामतीत मोडलं गेलं. घरात त्याला मेडल कुणी म्हणत नसे. तो 'बसऱ्याचा बिल्ला'. आजीच्या थोरल्या दिरांनी लढाईतून आणलेला. पुढच्या बाजूला पंचम जॉर्जचं तोंड, मागच्या बाजूला घोड्यावर बसलेला उघडा स्वार. इंग्रजांच्या लेखी हा स्वार म्हणजे संत जॉर्ज. आजीच्या लेखी तो जेजुरीचा खंडोबा होता. घोडा आहे, स्वार आहे, पायदळी काहीतरी तुडवलेलं आहे, म्हणजे दुसरं कोण असणार? देव्हाऱ्यात चांदीचे टाक असतात, त्यांच्या शेजारी हा बिल्लाही वर्षानुवर्षं हळद-कुंकू लावून घेत होता.

त्या साली घरातली माणसं पाझर तलावाच्या कामावर होती. बिल्ल्यात एक औंस चांदी, म्हणजे पावणेतीन तोळ्यांच्या आसपास. जुना कलदार रुपया एका तोळ्याचा, त्यामुळे आजीचा हिशेब सोपा होता. तरी तिनं बरेच दिवस काढले. शेवटी म्हणाली, "राजाचं त्वांड बघून प्वाट भरतंय का?" पुढच्या बाजूकडं बघून तिनं तो मोडला आणि मागच्या बाजूसाठी मरेपर्यंत हळहळली.

हे थोरले आजोबा मेसोपोटेमियातल्या बसऱ्याला गेलेच का? आजी सांगायची, पाऊस गेला म्हणून. नीरेचा डावा कालवा 1885 साली आला आणि बारामती तालुक्याचे दोन तालुके झाले. कालव्याखालचा बागायती आणि सुप्याकडचा जिरायती. आमचं गाव जिरायतीतलं. पीक बुडालं की घरातला एक तरणा गडी भरतीला, हा रिवाजच. राजनिष्ठा वगैरे शब्द पुस्तकात असतात. आमच्या घरी पगाराचे पैसे येणार, एवढंच सगळ्यांना कळत होतं.

त्यांची पलटण 110वी मराठा लाइट इन्फन्ट्री. हे आम्हाला कळलं कसं, ते पुढं सांगतो. ही पलटण पूना डिव्हिजनमधली, म्हणजे हिंदुस्थानी फौजेच्या सहाव्या डिव्हिजनमधली. 1915 च्या डिसेंबरात तुर्कांनी मेसोपोटेमियातल्या कुत गावात या डिव्हिजनला कोंडलं. 103, 110 आणि 117 अशा मराठ्यांच्या तीन पलटणी आत होत्या. वेढा 29 एप्रिल 1916 पर्यंत चालला. दाणागोटा संपत आला तसे घोडे आणि खेचरं मारून मांस वाटायला सुरुवात झाली. हिंदी शिपायांपैकी बहुतेकांनी ते एप्रिल उजाडेपर्यंत नाकारलं. उपासमार झाली, स्कर्व्हीनं हिरड्या सुजल्या, तरी नाही. इतिहासाची पुस्तकं याला 'धार्मिक आक्षेप' म्हणतात आणि पुढच्या परिच्छेदाकडं वळतात. आजी तेवढ्यावर थांबत नसे. "आरं, देवाचं व्हान त्ये! द्येव ज्याच्यावर बसतो त्येला खायाचं?" ज्यांच्या कुळाचा देव घोड्यावर बसून येतो, त्यांच्या पानात घोडा वाढला, हे मला कुठल्याही इंग्रज सेनापतीच्या चरित्रापेक्षा तिच्या या एका वाक्यात जास्त कळलं. शेवटी त्यांनी खाल्लं की नाही, हे त्यांनी घरात कधीच सांगितलं नाही. आणि त्यांना विचारायची कुणाची छाती झाली नाही.

डिव्हिजन शरण आल्यावर कैद्यांना वाळवंटातून शेकडो मैल चालवत नेलं, रेल्वेच्या कामाला जुंपलं. हजारो तिथंच मेले. आजोबा लढाई संपल्यावर परत आले, तेव्हा इन्फ्लुएन्झानं गावातली घरंच्या घरं ओस पडली होती. अडीच वर्षं तुर्कांच्या कैदेत जगलेल्या माणसाला घरी आल्यावर कळलं की धाकटी बहीण गेली.

आता बिल्ल्याच्या कडेची गोष्ट. या मेडलांच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण बारीक अक्षरांत ठोकलेली असते. आमचे थोरले काका इंग्रजी शाळेत जायला लागले, नवी नवी अक्षरं जुळवायला शिकले आणि दिसेल ते वाचत सुटले. त्या नादात त्यांनी बिल्ल्याची कडही वाचून आजोबांना ऐकवली. काका सांगायचे की आजोबा उठून बसले. जन्मभर अंगठा उठवलेला माणूस, त्याचं नाव कुठंतरी लिहिलेलं आहे हे त्याला तीसएक वर्षांनी कळलं! काकांच्या डोक्यात पलटण राहिली, नंबर राहिला नाही. बिल्ला गेला तेव्हा नंबरही गेला.

गावात दुसरा एक बिल्ला मात्र अजून आहे. गावकुसाबाहेरच्या एका घरातले आजोबा मजुरांच्या पलटणीतून, म्हणजे लेबर कोरमधून गेले होते. त्यांचं मेडल दिसायला अगदी तसंच, पण कांस्याचं. चांदीची मेडलं साठ लाखांहून जास्त वाटली गेली. मजुरांसाठी पाडलेली कांस्याची जेमतेम 1 लाख 10 हजार. लढाई एकच, राजा एकच, धातू मात्र माणूस बघून. त्यामागचा इतिहासही कडवट आहे. महारांची लष्करभरती इंग्रजांनी आधीच्या शतकाच्या शेवटी बंद केली होती. ती पुन्हा सुरू करा म्हणून पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे यांनी 1910 साली थेट भारतमंत्र्यांकडं अर्ज केला. गरज पडली तशी 1917 मध्ये 111वी महार पलटण उभी राहिली, आणि गरज सरताच चार वर्षांत मोडली. महार रेजिमेंट यायला 1941 साल उजाडलं. त्या घरातलं कांस्य कुठल्याच सराफानं घेतलं नसतं, म्हणून ते टिकलं. आज त्याच जातीचं मेडल संग्राहकांना चांदीच्यापेक्षा दुर्मीळ वाटतं. आता हा न्याय म्हणायचा की थट्टा, मला ठरवता आलेलं नाही.

आमचं आजोळ इंदापूर तालुक्यातलं. मामा जंगी पलटणीत होते, म्हणजे मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या बटालियनमध्ये. ही पलटण 1768 ची. मामांची कुठलीही गोष्ट शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे यांच्यापासून सुरू व्हायची. राजे इंदापूरच्या लढाईत पडले, त्या सालाबद्दल इतिहासकारांत मतभेद आहेत, मामांच्या मनात नव्हते. मग सभासद बखर. अफजलखानाच्या प्रसंगानंतर महाराजांनी जखमा बघून होन वाटले आणि ज्यांच्या मागं मुलगा नव्हता त्यांच्या बायकांना निम्मं वेतन चालू ठेवलं. "बिल्ला नाय दिला, भाकर दिली," हे मामांचं मत. मला ते पटतं.

बखरीवरून मामा जमालपूरवर येत. डिसेंबर 1971. जंगी पलटणीनं पूर्व पाकिस्तानातल्या जमालपूरची कोंडी केली होती. ब्रिगेडियर हरदितसिंग क्लेर यांनी आतल्या 31 बलुच पलटणीला शरण येण्याचं पत्र एका म्हाताऱ्या गावकऱ्याच्या हाती पाठवलं. लेफ्टनंट कर्नल सुलतान महमूद यांचं उत्तर आलं ते चिनी रायफलीच्या गोळीला गुंडाळलेलं. एक-दोन दिवसांत जमालपूर पडलं. मामा शत्रूच्या त्या कर्नलबद्दल कधी वाईट बोलले नाहीत. "मर्द गडी," एवढंच.

मामांचा नातूही आता फौजेत आहे. मागच्या सुट्टीत तो आला आणि हात मिळवता मिळवता त्यानं माझ्या तळहातात एक जड नाणं दाबलं. भारत-अमेरिका युद्ध सरावात एका अमेरिकन सार्जंटनं त्याला असंच दिलं होतं. याला चॅलेंज कॉइन म्हणतात. तिकडची रीत अशी की कुणीही आपलं नाणं टेबलावर आपटायचं, ज्याच्या खिशात नसेल त्यानं सगळ्यांना दारू पाजायची. पहिल्या महायुद्धातल्या एका वैमानिकाची दंतकथाही आहे. जर्मनांच्या कैदेतून निसटला, फ्रेंचांनी हेर समजून गोळी घालायला उभा केला, आणि गळ्यातल्या पलटणीच्या नाण्यानं जीव वाचला. वैमानिकाचं नाव नाही, गाव नाही. माझ्या मते गोष्ट रचलेली आहे, पण रचणाऱ्याला शिपायाचं मन कळत होतं. आता आपल्याकडच्या पलटणीही अशी नाणी पाडून घेतात, आणि या पोराकडं त्यांचा डबा भरत आलाय.

मी ते नाणं फिरवून कड पाहिली. कोरी. मी नाक मुरडलं तसा तो हसला आणि डबा उघडून एकेक नाणं दाखवत गेला. हे कुणी दिलं, कुठल्या छावणीत, त्या दिवशी पाऊस होता की बर्फ, देणारा आज कुठं आहे. एकदाही अडखळला नाही. मग माझं मत थोडं बदललं. पलटणीच्या नाण्यावर माणसाचं नाव नसतं, म्हणून ते सांगणारा जिवंत असेपर्यंतच बोलतं. मेडल त्याच्यानंतरही बोलतं. दोन्ही जपायला हवीत, पण वेगवेगळ्या रीतीनं.

त्यानं आता एक वही केलीय. प्रत्येक नाण्याला एक पान. मामांना 1971 च्या लढाईसाठी मिळालेला 'पूर्वी स्टार' आणि संग्राम मेडलही त्यात नोंदलं, मेडलच्या कडेवरच्या नंबरासकट.

बारामती, इंदापूर, दौंड, पुरंदर, कुठंही तुमच्या घरात असा बिल्ला असेल तर सणासाठी चिंच किंवा राख घेऊन तो घासू नका, कडेची अक्षरं झिजतात. भिंग घ्या, नंबर, हुद्दा, नाव, पलटण उतरवून काढा. आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला त्याच्याबद्दल विचारा, आजच.