आकृतीचा कणा

वहीचे एक पान फाडून घ्या आणि कर्णावर घडी घाला. कर्णाने पानाचे दोन त्रिकोण केले, दोन्ही मापाने अगदी सारखे. तरी घडी जुळत नाही. वरचा कोपरा कागदाबाहेर जातो आणि खालचा उघडाच राहतो. दोन भाग सारखे असणे वेगळे आणि घडीवर जुळणे वेगळे. शाळेतल्या सममितीच्या धड्याचे सार एवढेच. ज्या रेषेवर घडी जुळते ती सममितीचा अक्ष. म्हणून आयताला असे अक्ष 2, चौरसाला 4, समभुज त्रिकोणाला 3. सर्वसाधारण समांतरभुज चौकोनाला एकही नाही आणि वर्तुळाचा तर प्रत्येक व्यास अक्षच.

अक्षाची ही रेघ कागदाच्या कितीतरी आधी जमिनीवर उतरली होती, आणि ती दोरीने आखलेली होती. यज्ञवेदी मापाबरहुकूम कशी बांधावी हे सांगणारी आपली शुल्बसूत्रे अडीच हजार वर्षांच्या आसपासची, काही त्याहूनही जुनी. शुल्ब म्हणजे दोरीच.

कात्यायनाच्या शुल्बसूत्रात काम दिशा ठरवण्यापासून सुरू होते. सपाट जमिनीवर शंकू म्हणजे खुंटी रोवायची आणि तिच्याच उंचीएवढ्या दोरीने भोवती वर्तुळ काढायचे. सकाळची लांब सावली आखडत येते आणि एका क्षणी तिचे टोक पश्चिमेला वर्तुळावर टेकते. तिथे खूण. दुपारनंतर वाढत्या सावलीचे टोक पूर्वेला वर्तुळ ओलांडते. तिथे दुसरी खूण. दोन खुणा जोडल्या की झाली प्राची, म्हणजे पूर्व-पश्चिम रेषा.

आता दोन्ही खुणांवर खुंट्या ठोकायच्या. त्यांच्यातल्या अंतराच्या दुप्पट दोरी घेऊन तिची टोके खुंट्यांना अडकवायची. दोरी मधोमध धरून दक्षिणेकडे ताणली की एक बिंदू मिळतो, उत्तरेकडे ताणली की दुसरा. त्यांना जोडणारी रेषा दक्षिणोत्तर. दोरीचा मध्य दोन्ही खुंट्यांपासून सारख्याच अंतरावर असतो, म्हणून ही रेषा प्राचीला काटकोनात आणि बरोबर मधोमध छेदते. सकाळची सावली आणि दुपारनंतरची सावली तिच्या दोन अंगांना सारख्या पडतात. जणू दिवसाचीच घडी या रेषेवर पडते.

सोमयागाची महावेदी पाहिली की अक्षाचे काम स्पष्ट दिसते. पूर्वेची बाजू 24 पदे (पद हे लांबीचे माप), पश्चिमेची 30 आणि दोहोंमधले अंतर 36. हा समद्विभुज समलंब चौकोन, त्याला अक्ष एकच. त्या मधल्या पूर्व-पश्चिम रेषेला सूत्रकार पृष्ठ्या म्हणतात, म्हणजे पाठीची रेघ. पूर्वेचे कोपरे अंस, म्हणजे खांदे, पश्चिमेचे श्रोणी, म्हणजे नितंब. आकृतीकडे देह म्हणून पाहणाऱ्या माणसांना तिचा कणा आधी दिसला. पृष्ठ्येपासून दोन्हीकडे पूर्वेला 12-12 आणि पश्चिमेला 15-15 पदे मोजली की चारही कोपरे मिळतात.

आपस्तंब हा शुल्बसूत्रकार पुढे जाऊन हिशोबही देतो. दक्षिणेच्या तिरक्या बाजूचा त्रिकोण कापायचा आणि उलटा करून उत्तरेच्या बाजूला लावायचा. दोन्ही उतार सारखेच असल्यामुळे तो चपखल बसतो. राहतो 27 बाय 36 चा आयत, क्षेत्रफळ 972. सममितीचा इतका नेमका उपयोग, आणि सममिती हा शब्द कुठेच नाही.

शब्दाची वाट वेगळी. ग्रीक 'सिमेट्रिया' म्हणजे सोबतचे माप. युक्लिडच्या 'एलिमेंट्स'च्या दहाव्या खंडात ज्या दोन राशी एकाच मापाने पूर्ण मोजता येतात, त्यांना याच शब्दाचे विशेषण लावले आहे. आरशाचा तिथे संबंध नाही. रोमन वास्तुकार विट्रुव्हियस तो शब्द इमारतीच्या अवयवांच्या प्रमाणबद्धतेसाठी वापरतो. रोमन लेखक प्लिनीने तर लिहून ठेवले की लॅटिनमध्ये त्याला नावच नाही. 1673 साली क्लोद पेरो याने विट्रुव्हियसचे फ्रेंच भाषांतर केले. फ्रेंच लोक या शब्दाने उजव्या-डाव्या बाजूंची बरोबरी समजतात आणि हा अर्थ जुन्यांहून वेगळा आहे, हे त्याने टिपेत नोंदवले. भूमितीत तो अर्थ रुजवण्यात फ्रेंच गणिती लजांद्रच्या 1794 च्या पुस्तकाचा मोठा वाटा आहे. आरशातल्या प्रतिबिंबासारख्या घनाकृतींना त्याने सममित म्हटले.

मराठीतला सममिती शब्दही 'सिमेट्रिया'च्याच बांध्याचा: सम आणि मिती, सारखे माप. पण माप सारखे असून भागत नाही, हे कर्णावर घडी घातलेल्या पानाने आपल्याला आधीच सांगितले.

म्हणून शिक्षकांना एक मनापासून विनंती. हा धडा शिकवताना मुलांना एकदा मैदानात न्या. दोन खुंट्या आणि एक दोरी द्या, मध्य धरून ती दोन्हीकडे ताणायला सांगा. अक्ष त्यांच्या हाताने जमिनीवर उमटेल आणि मग पुस्तकातली तुटक रेघ त्यांना ओळखीची वाटेल.