मुलाची गोष्ट ऐकायची कोणी?

मैत्रिणींनो, गोष्ट सांगणारी आजी आपल्यापैकी पुष्कळजणींना आठवते. पण मुलाकडून गोष्ट ऐकून घेणारं माणूस? आम्हाला पटकन कोणी आठवलं नाही. म्हणून आज थोडं मागे जाऊ.

वकिली सोडून शिक्षणात आलेल्या गिजुभाई बधेकांनी १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर सुरू केलं. गोष्ट कशी सांगावी यावर त्यांनी गुजरातीत अख्खं पुस्तक लिहिलं. त्यांच्या ‘दिवास्वप्न’मधला शिक्षक दंगेखोर वर्गाला आधी गोष्टच सांगतो, आणि पुढे मुलं गोष्टींची नाटकं करतात. ऐकलेलं असं मुलाच्या तोंडून परत बाहेर येतं.

भावनगरला त्यांच्यासोबत काम केलेल्या ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये डहाणूजवळ बोर्डीला बालशिक्षणाचं काम उभं केलं. अनुताई वाघ सोबतीला होत्या. १९५७ मध्ये ते काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांत गेलं. मुलं शाळेत येईनात, तर शाळाच त्यांच्या अंगणात गेली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातही भरली. आम्हाला यात मोठी वाटते ती ही गोष्ट: मूल जिथे मोकळेपणी बोलतं, तिथे मोठ्यांनी जायचं. घरात वारली बोलणाऱ्या मुलाला पुस्तकातली मराठी परकीच की! आधी त्याला त्याच्या बोलीत बोलू द्यावं, पुस्तकी शब्द मागाहून येतात.

हे आम्हाला कळतं, वळत मात्र नव्हतं. रेडिओसाठी एका पाच वर्षांच्या मुलीची चिऊकाऊची गोष्ट रेकॉर्ड करत होतो. तिने घरचा शब्द वापरला, आम्ही लगेच दुरुस्त केला. तिने पुन्हा सुरुवात केली, आम्ही पुन्हा टोकलं. मग ती गप्पच झाली, आईच्या पदराआड गेली.

पुढच्या आठवड्यात आम्ही फक्त ‘मग?’ एवढंच विचारायचं ठरवलं. ‘मग’ने प्रसंगामागून प्रसंग ओळीने आले. कावळ्याचं घर का वाहून गेलं, असं एकदाच विचारलं, तर ‘पाऊस आला म्हणून’ हे जोडवाक्य तिचं तिनेच केलं. सहा मिनिटं बोलली. तिच्या गोष्टीत चिमणीने दार लगेच उघडलं आणि कावळ्याला चुलीपाशी बसवून चहा दिला. आम्ही तो तसाच ऐकवला.