टॅपेट वाजू दे थोडा

लहानपणी पुण्यात बाबांच्या फियाटचं टॅपेट सेटिंग असलं की मी हमखास शाळेला दांडी मारून गॅरेजमध्ये जाऊन बसायचो. मिस्त्री वरचं झाकण काढायचे, फिलर गेजची पातळ पाती रॉकर आणि व्हॉल्व्हच्या मधे सरकवायचे आणि स्क्रू पिळता पिळता म्हणायचे, "वाजू दे थोडा. गप्प बसला की समज खर्च आला." मला हे उलटंच वाटायचं. आवाज बंद करायलाच तर गाडी आणली होती!

त्याचा अर्थ नीट कळला तो इथे मिशिगनमध्ये, शेजाऱ्याच्या गॅरेजात. त्याच्याकडे १९५७ ची शेव्हरोले आहे, २८३ घनइंचांचं व्ही-८ इंजिन, त्याच्या वडिलांनी नवी घेतलेली. टॅपेट फार वाजतात म्हणून त्याने ती एका वर्कशॉपमध्ये दिली. तिथल्या माणसाने सगळे नट आवळून आवाज बंद करून दिला. शेजारी खूश! काही महिन्यांत एक एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळाला. मग इंजिन खाली उतरलं आणि मला बोलावणं आलं.

काय झालं ते सांगण्याआधी थोडा इतिहास सांगायला हवा. पूर्वी रॉकरची सर्रास पद्धत अशी होती: हेडवर एक लांब पोकळ दांडा, त्यावर ओवलेले जाड रॉकर आणि दांड्यातून तेल. शिवडीला जनरल मोटर्सचा कारखाना १९२८ पासून शेव्हरोले जोडत असे, त्यांचं सहा सिलिंडरचं इंजिनही असंच दांडेवालं. पाँटिअ‍ॅकच्या क्लेटन लीच या इंजिनिअरने तो दांडाच काढून टाकला. पत्रा दाबून होडीसारखा खोलगट रॉकर करायचा, मधे भोक, त्यातून हेडमधला खुंट वर येणार, त्यावर अर्धा गोळा आणि एक नट. झालं! तेल येणार पोकळ पुशरॉडमधून, आणि गॅप कमीजास्त करायची ती त्याच नटाने. एड कोलच्या हाताखाली शेव्हरोलेच्या नव्या व्ही-८ चं काम चाललं होतं, तिथेही हीच युक्ती घेतली आणि १९५५ मध्ये दोन्ही कंपन्यांची इंजिनं बाजारात आली. शिवडीचा कारखाना १९५४ मध्येच बंद झाला, म्हणजे मुंबईची आणि या इंजिनाची एका वर्षाने चुकामूक झाली.

रॉकर तोच, पण त्याच्या खालचे टॅपेट दोन जातींचे. एक हायड्रॉलिक: आत तेल भरतं आणि गॅप आपोआप शून्य राहते. कॅडिलॅकने असली सोय १९३० च्या सोळा सिलिंडरच्या गाडीत दिली होती. यात नट रॉकरला जेमतेम टेकला की वर अर्धा-पाऊण फेरा आवळायचा. दुसरी जात भरीव, तिथे गॅप ठेवावीच लागते, कारण लोखंड तापलं की वाढतं. डंटोव्ह या कॉर्व्हेटवाल्या इंजिनिअरच्या कॅमला इंजिन गरम असताना इनटेकला १२ थाऊ, एक्झॉस्टला १८ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). १९६४ च्या एका कॅमला तर दोन्हीकडे ३० थाऊ, म्हणून त्याचं नावच पडलं 'तीस-तीस'. एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह आपली बहुतेक उष्णता सीटवर टेकलेला असतानाच बाहेर देतो. गॅप खाल्लीत तर तो पुरता टेकत नाही आणि जळतो. शेजाऱ्याच्या गाडीत डंटोव्ह कॅम होता, त्या माणसाने ते हायड्रॉलिक समजून आवळले. वाजणं हा रोग नव्हताच!

आता नवे रॉकर घ्यायचे होते. शेजाऱ्याने कॅटलॉगमध्ये अ‍ॅल्युमिनियमचे चकचकीत रोलर रॉकर पाहून ठेवले होते, १.६ गुणोत्तराचे. मूळचे १.५. कॅमने ०.२६० इंच उचललं तर १.५ ने व्हॉल्व्ह ०.३९० उघडतो, १.६ ने ०.४१६. इतक्याशा फरकाने काय होतं? पुशरॉड हेडच्या भोकाला घासू शकतो, स्प्रिंगचे वेढे एकमेकांना टेकू शकतात, व्हॉल्व्ह पिस्टनजवळ जातो. शिवाय रोलर रॉकर मूळ झाकणाखाली मावेनात, आणि त्या झाकणांवर उठावात 'शेव्हरोले' लिहिलेलं. ती झाकणं वडिलांनी पुसलेली. शर्यतीत न जाणाऱ्या गाडीत मी तरी पत्र्याचेच घालीन, असं सांगितलं. पण नवे, आणि गोळ्यासकट, कारण जुना गोळा आणि नवा रॉकर यांचं जमत नाही.

तरी पिस्टनवर खेळण्यातली माती थापून क्रँक हाताने दोन फेरे फिरवला, हेड काढून मातीचा ठसा मोजला. इनटेकला ८० आणि एक्झॉस्टला १०० थाऊ तरी हवेत असा इथला रिवाज. आमच्याकडे भरपूर निघाले. खुंटांवर सरळ पट्टीही ठेवून पाहिली. हे खुंट नुसते ठोकून बसवलेले असतात. कडक स्प्रिंग लावली की एखादा हळूहळू वर येतो आणि कितीही सेट करा, गॅप वाढतच राहते.

मग एक नंबरचा पिस्टन फायरिंगला वर आणून आठ व्हॉल्व्ह, क्रँक पूर्ण एक फेरा फिरवून उरलेले आठ. इंजिन गरम झाल्यावर सगळे पुन्हा एकदा. शेवटचा नट शेजाऱ्यानेच लावला. झाकणं बसवून गाडी सुरू केली, तर शिवणयंत्रासारखी बारीक टिकटिक. त्याची बायको दारातून डोकावली, "अजून वाजतंय की!" शेजारी माझ्याकडे बघून हसला आणि नवा व्हॉल्व्ह किती डॉलरला पडला ते तिला सांगू लागला.