'छोटा' मासा केवढा होतो?

दुकानातून पाण्याच्या पिशवीत घालून आणलेला कन्व्हिक्ट मासा जेमतेम तीन सेंटीमीटरचा असतो. फिकट राखाडी अंगावर काळे उभे पट्टे असतात. पूर्वी पाश्चात्त्य देशांत कैद्यांना पट्ट्यापट्ट्यांचे कपडे घालत, त्यावरून हे नाव पडले. वर्गातल्या काचेच्या पेटीत तो सोडला, की मुले विचारतात, "सर, हा केवढा होईल?" दुकानदार एक माप सांगतो, पुस्तक दुसरे सांगते आणि पेटीतला मासा तिसरेच दाखवतो. तिन्ही उत्तरे खरी असू शकतात. ती कशी, हे समजण्यासाठी या माशाच्या इतिहासात थोडे मागे जावे लागते.

मध्य अमेरिकेतील ग्वाटेमाला देशात आमातित्लान आणि आतित्लान ही ज्वालामुखींच्या परिसरातील सरोवरे आहेत. ऑस्बर्ट सॅल्व्हिन, फ्रेडरिक गॉडमन आणि जहाजाचे कप्तान डाऊ यांनी मध्य अमेरिकेतून जमवलेले मासे लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये पोहोचले. तेथील मत्स्यतज्ज्ञ आल्बर्ट गुंथर यांनी १८६७ मध्ये त्यांतील या माशाचे वर्णन छापले आणि त्याला 'हेरोस नायग्रोफॅसिएटस', म्हणजे काळ्या पट्ट्यांचा, असे नाव दिले. माशाचे पहिले शास्त्रीय माप असे बाटलीतल्या, मेलेल्या नमुन्यांवरून घेतले जाई.

अशा नमुन्यांची शेपटी पुष्कळदा फाटलेली किंवा झिजलेली असते. म्हणून शास्त्रज्ञ तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या बुडापर्यंतच लांबी मोजतात. तिला 'प्रमाण लांबी' म्हणता येईल. कार्ल हब्ज आणि कार्ल लॅग्लर यांनी १९४७ च्या आपल्या पुस्तकात मोजमापाच्या अशा रीती नीट मांडल्या. कन्व्हिक्टची कमाल प्रमाण लांबी १० सेंटीमीटर दिलेली आढळते. मासे पाळणारा मात्र शेपटीसकट मोजतो, आणि त्याच माशाची लांबी १२ सेंटीमीटरच्या पुढे जाते. दोन उत्तरांतला फरक निम्मा येथेच मिटतो.

दुसरे कारण नर-मादीचे. मादी नराहून बरीच लहान राहते. तिच्या पोटावर नारिंगी झाक असते. तेव्हा 'मासा केवढा' याआधी 'नर की मादी' हे विचारायला हवे.

तिसरे कारण नावाचे. २००७ मध्ये हुआन श्मिटर-सोटो यांनी या माशाला 'अमातित्लानिया' या नव्या प्रजातीत घातले आणि पूर्वी एकच समजल्या जाणाऱ्या माशातून काही जाती वेगळ्या काढल्या. या विभागणीवर सर्वांचे एकमत नाही. परंतु जुन्या पुस्तकांतले माप नेमके कोणत्या माशाचे, हा प्रश्न त्यामुळे उभा राहिला.

एक समज मात्र खोडून काढायला हवा. 'मासा पेटीच्या मापाचाच होतो' असे सर्रास सांगितले जाते. मासे प्रौढ झाल्यावरही वाढत राहतात, फक्त वेग मंदावतो. लहान पेटीत, गर्दीत आणि घाण पाण्यात वाढ खुंटते हे खरे. पण तो जुळवून घेण्याचा गुण नसून हाल झाल्याची खूण आहे.

येथे गणिताचा एक छान तास होऊ शकतो. आकार तोच राहून लांबी ३ वरून १२ सेंटीमीटर, म्हणजे चौपट झाली, तर वजन चार गुणिले चार गुणिले चार, म्हणजे सुमारे ६४ पट होते. अन्न आणि घाणही त्याच धर्तीवर पुष्कळ वाढते. शिवाय हे जोडपे अंडी व पिल्ले राखताना इतर माशांवर तुटून पडते. तीन सेंटीमीटरला पुरेशी वाटलेली पेटी मग पुरत नाही आणि माशांना जवळच्या पाण्यात सोडण्याचा मोह होतो.

अमेरिकेत नेवाडा राज्यातल्या ॲश स्प्रिंग्ज या उष्ण झऱ्यात असेच झाले असावे. १९६० च्या दशकात तेथे कन्व्हिक्ट आढळू लागले. या भागातल्या मोजक्या झऱ्यांतच राहणारा स्प्रिंगफिश हा इवलासा मासा त्यानंतर घटला. त्याची पिल्ले कन्व्हिक्ट खातात. पेटीत 'छोटा' असलेला मासा त्या झऱ्यात छोटा नव्हता.

आपल्या वर्गात पेटीच्या काचेवर बाहेरून कागदी पट्टी चिकटवावी. मासा काचेला लागून पोहत असताना, नजर समोर ठेवून, दर महिन्याला दोन्ही लांब्या नोंदवाव्यात. हात लावायची गरज नाही. वर्षाअखेरीस मुलांना स्वतःचे उत्तर मिळेल. आणि मासे जास्त झाले, तर ते विहिरीत किंवा नदीत न सोडता दुकानदाराला परत द्यावेत, हेही त्याच वहीत लिहून घ्यावे.