जनरेटरवर इन्व्हर्टर, यूपीएस चालवताय? जोडणी, क्षमता आणि सुरक्षिततेची संपूर्ण माहिती

पावसाळ्यात तारा तुटल्या किंवा ट्रान्सफॉर्मर जळाला, की गावाकडे लाईट कधी कधी दोन-दोन दिवस येत नाही. घरचा इन्व्हर्टर चार-पाच तासांत मान टाकतो. मग दूध संकलन केंद्र, झेरॉक्सचे दुकान, सेवा केंद्र किंवा घरासाठी जनरेटर काढला जातो. पण जनरेटर सुरू करूनही इन्व्हर्टर चार्जिंग घेत नाही, नुसता टकटक करतो, अशी तक्रार अनेकांची असते. बऱ्याचदा दोष इन्व्हर्टरचा नसतो. कारण जनरेटरच्या विजेत असते.

इन्व्हर्टर चार्जिंग का घेत नाही?

आपल्याकडची वीज 230 व्होल्ट आणि 50 हर्ट्झ असते. जनरेटरमध्ये हे दोन्ही आकडे इंजिनच्या वेगाशी बांधलेले असतात. लहान पेट्रोल जनरेटर साधारण 3000 फेऱ्यांवर, तर मोठे डिझेल सेट 1500 फेऱ्यांवर 50 हर्ट्झ देतात. लोड आला की इंजिन दबते, हर्ट्झ आणि व्होल्टेज खाली येते. इन्व्हर्टर ही वीज खराब समजून तोडतो आणि बॅटरीवर जातो. लोड हटताच इंजिन सावरते, इन्व्हर्टर पुन्हा वीज घेतो आणि इंजिन पुन्हा दबते. टकटक आवाज येतो तो याच चक्रातून.

आधी हे करून पाहा

- घरगुती इन्व्हर्टरच्या मागे बहुतेक वेळा 'यूपीएस' आणि 'नॉर्मल' किंवा 'इको' असे बटण असते. यूपीएस मोडमध्ये तो साधारण 180 ते 260 व्होल्टच स्वीकारतो, नॉर्मल मोडमध्ये साधारण 100 ते 290 पर्यंत चालवून घेतो. नेमके आकडे कंपनीच्या पुस्तिकेत पाहावेत. जनरेटरवर असताना नॉर्मल मोड ठेवावा. मात्र या मोडमध्ये लाईट जाता-येता कॉम्प्युटर बंद पडू शकतो.
- जनरेटर सुरू झाल्यावर दोन-तीन मिनिटे रिकामा चालू द्यावा. इंजिन स्थिर झाल्यावरच इन्व्हर्टर जोडावा.
- मेकॅनिककडून हर्ट्झ मोजून घ्यावेत. लोड नसताना 51 ते 52 आणि लोडवर 50 च्या आसपास असतील तर गव्हर्नर ठीक आहे.
- ट्रॅक्टरवर चालणारा जनरेटर असेल तर रेस कमी-जास्त करू नये. रेस बदलली की हर्ट्झही बदलतात.

जनरेटर किती मोठा हवा?

इथे हिशेब चुकतो. जनरेटरला फक्त घरातला लोड नाही, तर बॅटरीचे चार्जिंगही ओढावे लागते.

समजा, 12 व्होल्ट 150 एएचची एक बॅटरी आहे. चार्जर 15 अँपिअर देतो. 15 गुणिले 14 व्होल्ट म्हणजे 210 वॅट. चार्जरमधील घट धरून जनरेटरकडून साधारण 300 वॅट जातात. त्याच वेळी पंखे, दिवे, टीव्ही मिळून 400 वॅट चालू असतील तर एकूण 700 वॅट झाले. 1 केव्हीएचा जनरेटर 0.8 पॉवर फॅक्टरने जेमतेम 800 वॅट देतो, म्हणजे तो दमणारच. अशा घराला 2 केव्हीए बरा. दोन बॅटऱ्या असल्यास चार्जिंगचा लोड दुप्पट धरावा.

डिझेल-पेट्रोल वाचवायचे असेल तर चार्जिंग फ्रिज, मिक्सर किंवा दूध कूलर चालवण्याच्या वेळेतच उरकावे. बॅटरी सुरुवातीला भरभर चार्ज होते, शेवटचा टप्पा फार हळू भरतो. तेवढ्यासाठी तासन् तास जनरेटर चालवणे परवडत नाही. ते काम लाईट आल्यावर होते.

जोडणी कशी असावी?

क्रम सोपा आहे: महावितरणची लाईन आणि जनरेटर दोन्ही चेंजओव्हर स्विचवर, तिथून इन्व्हर्टरच्या इनपुटला आणि इन्व्हर्टरच्या आउटपुटवरून घरात. चेंजओव्हर डबल पोल, म्हणजे फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा असावा. जनरेटरची वायर इन्व्हर्टरच्या आउटपुटला कधीही जोडू नये. दोन्हीकडची वीज समोरासमोर आली की इन्व्हर्टर जळतो.

थ्री फेज जनरेटरचा न्यूट्रल सैल असेल तर 230 व्होल्टच्या वस्तूंवर 400 व्होल्टपर्यंत दाब येऊ शकतो. टीव्ही, फ्रिज, चार्जर एका दमात जातात. त्यामुळे न्यूट्रल आणि अर्थिंग परवानाधारक वायरमनकडूनच तपासून घ्यावे.

या दोन चुका जिवावर बेततात

*दोन्ही टोकांना पिन असलेली वायर:* काही जण अशी वायर करून जनरेटरची वीज थेट घरातल्या सॉकेटमध्ये देतात. मेन स्विच चालू राहिला तर ही वीज मीटरमधून उलटी खांबावर जाते. ट्रान्सफॉर्मर तीच वीज वाढवून 11 हजार व्होल्टच्या लाईनवर चढवू शकतो. लाईट बंद आहे म्हणून खांबावर चढलेल्या वायरमनचा त्यात जीव जातो. शिवाय त्या वायरची उघडी पिन हाताला लागली तर घरातलाच माणूस चिकटतो.

*बंद जागेत जनरेटर:* पाऊस आहे किंवा चोरीची भीती आहे म्हणून जनरेटर पडवीत, गोठ्यात किंवा शटर ओढून दुकानात चालवला जातो. त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. झोपलेल्या माणसाला कळतही नाही. जनरेटर मोकळ्या जागेत, दार-खिडक्यांपासून किमान 20 फूट लांब आणि पावसापासून आडोशाला ठेवावा. डोके दुखणे, चक्कर, मळमळ जाणवली तर लगेच सर्वांनी बाहेर पडावे आणि 108 ला फोन करावा.

बॅटरीची काळजी

चार्जिंग होताना बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो, म्हणून खोली हवेशीर असावी, जवळ देवाचा दिवा किंवा विडी-काडी नको. पाणी डिस्टिल्डच घालावे, बोअरचे नाही. पाण्याची पातळी महिन्यातून एकदा पाहावी.

तार तुटली असेल किंवा खांब वाकला असेल तर जवळ न जाता 1912 वर तक्रार नोंदवावी. घरात जनरेटर सुरू असेल तर दुरुस्तीला आलेल्या वायरमनला ते आधीच सांगावे.